तृणधान्यांची वाढ, पाणी आणि नत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरे गहू, भात, मका, ज्वारी, बाजरी, बार्ली अशा सर्व तृणधान्यांना धरून आहेत. जिथे पिकांची तऱ्हा वेगळी आहे तिथे तसे सांगितले आहे. नत्र, खत आणि उत्पादन यांचे आकडे, दुसरे परिमाण दिलेले नसेल तिथे, हेक्टरी आहेत. एकरासाठी त्यांना अडीचने भागावे.

पाणी आणि नत्र या दोन वेगळ्या निविष्ठा आहेत. त्यांचा विचार एकत्र का करायचा?

कारण पीक त्या वेगळ्या वापरत नाही. नत्र मिळाले की पाने रुंद होतात, फुटवे वाढतात आणि जमीन लवकर झाकली जाते. झाकलेल्या जमिनीवरून थेट उडून जाणारे पाणी कमी होते आणि तेच पाणी मुळांतून, पानांतून जाऊन वाढीच्या कामी येते. नत्र दिल्याने हंगामातला एकूण पाणीवापर फार बदलत नाही. त्यातला किती भाग उघड्या मातीतून वाया गेला आणि किती पिकातून गेला, हे मात्र बरेच बदलते.

उलट बाजूने पाहिले तर, पाणी भरपूर असताना नत्राची मात्रा वाढवत गेल्यास उत्पादन बराच पल्ला वाढत राहते. पाणी कमी असेल तर ही वाढ लवकर थांबते आणि काही हंगामांत उत्पादन घटूही लागते. म्हणून पाण्याचा उल्लेख न करता ‘या पिकाला इतके किलो नत्र’ असे सांगणारी शिफारस अर्धवटच समजावी.

पाणी कमी पडले तर पिकात आधी काय बिघडते? आणि नत्र कमी पडले तर?

पाण्याच्या ताणात सर्वांत आधी पानांची वाढ मंदावते. पेशी फुगण्यासाठी आतून पाण्याचा दाब लागतो. तो थोडा कमी झाला तरी नवे पान लहान राहते. पर्णरंध्रे बंद होणे आणि प्रकाशसंश्लेषण घटणे ही पुढची पायरी. त्यामुळे पीक दिवसा कोमेजलेले दिसण्याच्या बरेच आधी नुकसान सुरू झालेले असते.

नत्र कमी पडले की दोन गोष्टी होतात. पाने लहान आणि संख्येने कमी येतात, फुटवे मरतात. शिवाय आहे त्या पानाची काम करण्याची ताकद उतरते, कारण पानातले अर्ध्याहून अधिक नत्र प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या प्रथिनांत असते. दोन्ही ताणांचा शेवट एकाच ठिकाणी होतो: चौरस मीटरमागे दाण्यांची संख्या कमी भरते. तृणधान्यांचे उत्पादन दाण्याच्या वजनापेक्षा दाण्यांच्या संख्येवर जास्त हलते, हे लक्षात ठेवले की पुढची बरीच उत्तरे आपोआप उलगडतात.

जमिनीत खत आहे, तरी पीक पिवळे दिसते. असे का होते?

बहुतेक वेळा खत कोरड्या थरात अडकलेले असते. नायट्रेट, म्हणजे मातीच्या पाण्यात विरघळलेले नत्र, मुळांपर्यंत पाण्याबरोबर वाहत येते. मूळ पाणी ओढते, त्या ओघात नायट्रेट येते. वरचे १० सेंमी सुकले की तिथले नत्र असून नसल्यासारखे. पीक खालच्या ओलीवर तग धरते, पण नत्राची उपासमार होते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की कोरडवाहू पिकात वरून खत फोकू नये. पेरणीच्या वेळी दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत वेगवेगळे पाडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने) ते ८ ते १० सेंमी खोल, ओल टिकणाऱ्या थरात पेरावे. बियाणे आणि युरिया एकाच ओळीत, एकत्र मात्र पडू देऊ नयेत. युरियापासून निघणारा अमोनिया उगवण मारतो, आणि ओल कमी असेल तर जास्तच. बियाण्यापासून ५ सेंमी बाजूला आणि ५ सेंमी खाली, हे अंतर सुरक्षित आहे.

पान पिवळे पडले तर ते नत्रामुळे, पाण्यामुळे की आणखी कशामुळे, हे कसे ओळखायचे?

आधी कोणते पान पिवळे आहे ते पाहावे.

नत्र पिकाच्या आत सहज हलते. कमतरता आली की पीक जुन्या पानांतून नत्र काढून नव्याला देते. म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. मक्यात ही पिवळी पट्टी टोकाकडून मधल्या शिरेवरून उलट्या बाणासारखी आत सरकते. गंधक तितके हलत नाही, त्यामुळे त्याच्या कमतरतेत वरची कोवळी पाने फिकट होतात. कोवळ्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोहाकडे पाहावे.

पाण्याच्या ताणात रंग सुरुवातीला पिवळा होत नाही, निळसर-राखाडी होतो. पाने दुपारी गुंडाळतात. संध्याकाळी उलगडत असतील तर ताण सौम्य आहे. सकाळीही गुंडाळलेली असतील तर पाण्याला उशीर झाला आहे.

खरी गफलत होते ती पाणी साचलेल्या शेतात. तिथेही खालची पाने पिवळी पडतात आणि लोक युरिया टाकतात. पण मुळांना हवा मिळत नसते, त्यामुळे ती नत्र उचलूच शकत नाहीत. रोप उपटून मुळे बघावीत: पांढरी, टणक असतील तर भूक नत्राची, तपकिरी, मऊ, वास येणारी असतील तर आधी निचरा करावा.

कोणत्या अवस्थेतला ताण सर्वांत महागात पडतो?

दाण्यांची संख्या ठरते त्या अवस्थेतला. पिकानुसार ती अशी:

गहू : फुलोऱ्याच्या आधीचे सुमारे तीन आठवडे, म्हणजे कांडी धरण्याच्या उत्तरार्धापासून पोटरी (ओंबी पानाच्या वेष्टनात फुगते ती अवस्था) आणि ओंबी बाहेर पडेपर्यंत. याशिवाय पेरणीनंतर २० ते २५ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात तेव्हा वरचा थर ओला असावा लागतो. तो कोरडा असेल तर ही मुळे मातीत शिरतच नाहीत आणि फुटव्यांना आधार राहत नाही. बागायती गव्हात एकच पाणी देता येणार असेल तर ते या वेळी, दुसरे मिळाले तर पोटरी ते फुलोरा या काळात.

मका : तुरा आणि स्त्रीकेसर येण्याच्या मागचा-पुढचा एक-एक आठवडा. ताणात तुरा जवळजवळ वेळेवर येतो, स्त्रीकेसर मात्र मागे पडतात. परागकण झडून गेल्यावर केसर बाहेर आले की कणसात दाणे विरळ राहतात, टोक रिकामे राहते. नत्राच्या कमतरतेतही हेच अंतर वाढते. मक्याला फुटव्यांचा आधार नसतो, त्यामुळे गेलेले दाणे भरून निघत नाहीत.

भात : पोटरीत परागकण तयार होताना आणि फुलोऱ्यात. या काळातल्या ताणाने लोंबीत वांझ दाणे वाढतात.

बाजरी : ही सर्वांत लवचीक. मुख्य कणीस फसले तरी पाऊस आल्यावर फुटव्यांची कणसे बरीच भरपाई करतात. ज्वारीही पोटरीपूर्वीचा ताण चांगला सोसते, पण कणीस पोटरीत असताना तिलाही पाणी लागते.

दाणे भरताना ताण आला तर संख्या टिकते, दाणा बारीक राहतो.

उपलब्ध पाण्यावरून उत्पादनाचा अंदाज कसा बांधायचा?

गव्हासाठी एक साधी रीत १९८४ मध्ये फ्रेंच आणि शुल्झ यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातील शेतांवरून मांडली. हंगामात पिकाला मिळालेल्या एकूण पाण्यातून, म्हणजे पेरणीच्या वेळची जमिनीतली ओल, पाऊस आणि सिंचन यांच्या बेरजेतून, ११० मिमी बाष्पीभवनाचे वजा करायचे. उरलेल्या प्रत्येक मिलिमीटरमागे जास्तीत जास्त २० किलो धान्य धरायचे. समजा एकूण ३१० मिमी मिळाले. ३१० वजा ११० म्हणजे २००. गुणिले २० म्हणजे ४,००० किलो.

ही कमाल मर्यादा आहे, अपेक्षा नव्हे. उशिरा पेरणी, तण, रोग, नत्राची कमतरता यांमुळे प्रत्यक्ष शेत खालीच राहते. नियोजनासाठी कमाल मर्यादेच्या तीन-चतुर्थांश धरणे शहाणपणाचे, म्हणजे इथे ३ टन. वजा करायचा ११० हा आकडाही जमीन, पावसाची पद्धत आणि हवा यांनुसार बदलतो: वारंवार हलक्या सरी पडणाऱ्या ठिकाणी बाष्पीभवन जास्त असते, एकदम दमदार पाऊस खोल मुरतो तिथे कमी.

मग नत्र किती द्यायचे?

अपेक्षित उत्पादनापासून उलट हिशेब करावा.

१. एक टन गहू पिकवण्यासाठी दाणे आणि काड मिळून साधारण २५ किलो नत्र पिकात जावे लागते. मक्यासाठी २० ते २२ किलो, भातासाठी १५ ते २० किलो.

२. जमीन स्वतः किती देईल ते वजा करावे. पेरणीपूर्वी ६० सेंमी खोलीपर्यंतच्या मातीची खनिज नत्रासाठी तपासणी करून घेतली तर हा आकडा अंदाजावर राहत नाही. जमीन कायम काही ना काही देत असते: इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून चाललेल्या गव्हाच्या प्रयोगात, कधीच खत न दिलेला तुकडा आजही हेक्टरी सुमारे एक टन धान्य देतो.

३. उरलेल्या तुटीला खताच्या वसुलीने भागावे. दिलेल्यातले निम्मे पिकात गेले तर ०.५, हप्ते आणि पाणी नीट सांभाळले तर ०.६.

४. नत्राच्या किलोंना ०.४६ ने भागले की युरियाचे किलो मिळतात.

वरचाच कोरडवाहू गहू घ्या. ३ टनांसाठी ७५ किलो लागतात. जमीन ३५ देते. तूट ४०. वसुली ०.५ धरली तर ८० किलो नत्र, म्हणजे १७४ किलो युरिया. त्याच जमिनीत पाण्याची खात्री असून ५ टनांचे लक्ष्य असेल तर १२५ वजा ३५ म्हणजे ९०, वसुली ०.६ धरून १५० किलो नत्र, म्हणजे ३२६ किलो युरिया. जमीन तीच आणि जातही तीच असताना पाण्याने मात्रा जवळजवळ दुप्पट केली. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट हे खत) दिले असेल तर त्यातले १८ टक्के नत्र यातून वजा करायला विसरू नये.

वसुलीचा आकडा कोणी हलक्यात घेऊ नये. जगभरातील तृणधान्यांना दिलेल्या नत्रापैकी केवळ ३३ टक्के दाण्यात उतरते, असा अंदाज १९९९ मध्ये मांडला गेला होता. बाकीचे काडात, मातीत, हवेत आणि भूजलात जाते.

सगळे नत्र पेरणीला द्यावे की हप्त्यांनी?

पाणी हातात असेल तर हप्त्यांनी. पहिल्या तीन आठवड्यांत पिकाची गरज अगदी थोडी असते. कांडी धरण्यापासून फुलोऱ्यापर्यंत मात्र ते दिवसाला हेक्टरी २ ते ४ किलो नत्र ओढू शकते. सगळे खत आधीच टाकले तर या मधल्या काळात ते वाहून, उडून जाण्याची संधी मिळते.

बागायती गव्हात निम्मे पेरणीला आणि निम्मे पहिल्या पाण्याच्या सुमारास ही सर्वसाधारण वाटणी. हलक्या जमिनीत तीन हप्ते करून शेवटचा कांडी धरताना द्यावा. मक्यात एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश पेरणीला, मोठा हप्ता ६ ते ८ पानांवर आणि उरलेला तुरा दिसण्याआधी.

कोरडवाहूत गणित वेगळे. वरून दिलेल्या हप्त्याला मुळांपर्यंत नेणारा पाऊस येईलच असे नाही. तिथे निश्चित मिळणाऱ्या ओलीपुरते नत्र पेरणीला खोल द्यावे आणि उरलेले पावसावर ठेवावे: चांगला पाऊस झाला, जमिनीत ओल भरली, तर कांडी धरण्याच्या सुमारास द्यायचे, नाही झाला तर पोते उघडायचे नाही. न दिलेले खत पुढच्या हंगामात कामी येते.

युरिया आधी टाकावा की पाणी आधी द्यावे?

युरियाचे मातीतले आयुष्य समजले की याचे उत्तर मिळते. युरियाच्या कणावर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो पाण्याबरोबर सहज खाली उतरतो. उबदार, ओल्या जमिनीत युरिएज हे विकर काही दिवसांत ते अमोनियममध्ये बदलते. या बदलात दाण्याभोवतीचा सामू (पीएच) ८ च्या वर चढतो आणि हे सगळे पृष्ठभागावरच घडले तर अमोनिया वायू बनून उडतो. अमोनियम मातीच्या कणांना धरून राहते. पुढे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते मातीला धरत नाही.

म्हणून सर्वांत वाईट परिस्थिती अशी: ओलसर पृष्ठभाग, वर काडीकचरा, ऊन आणि वारा, चुनखडीयुक्त जमीन, आणि युरिया फोकल्यावर पडलेली २-३ मिमीची भुरभुर. दाणा विरघळण्याइतके पाणी मिळते, आत जाण्याइतके मिळत नाही. अशा वेळी ३० ते ४० टक्के नत्र हवेत जाऊ शकते.

करायचे ते असे. तुषार सिंचन असेल तर कोरड्या पृष्ठभागावर युरिया टाकून त्याच दिवशी १० ते १५ मिमी पाणी द्यावे. मोकाट पाणी देत असाल आणि जमीन भारी असेल तर युरिया पाण्याच्या लगेच आधी टाकता येतो. जमीन हलकी असेल तर ६०-७० मिमीचे पाणी युरियाला मुळांखाली घेऊन जाईल. तिथे आधी पाणी द्यावे, वाफसा (जादा पाणी निचरून काम करण्याजोगी ओल) आल्यावर ओळीच्या बाजूला युरिया द्यावा आणि लगेच कोळपणीने झाकावा. मातीआड ५ सेंमी गेलेल्या युरियाचे हवेत जाणे जवळजवळ थांबते. पृष्ठभागावर टाकण्यावाचून इलाज नसेल आणि पाऊस अनिश्चित असेल तर युरिएज रोखणारा एनबीपीटी लावलेला युरिया काही दिवसांची सवड देतो.

पानांवर दव असताना फोकू नये. दाणे पानाच्या बेचक्यात विरघळून पान करपते.

जास्त पाणी दिल्याने नत्र खरेच वाया जाते का?

जाते, दोन वाटांनी.

पहिली वाट झिरपण्याची. माती पूर्ण भरल्यावर दिलेले जास्तीचे पाणी आधीच्या पाण्याला खाली ढकलते आणि त्यासोबत नायट्रेट जाते. हलकी वाळूमिश्रित माती पाणी कमी धरते, म्हणून तिथे जास्तीचे १०० मिमी नायट्रेटला साधारण ७० ते १०० सेंमी खाली नेऊ शकते. भारी मातीत तेच अंतर २५ ते ३५ सेंमी. गव्हा-मक्याची कोवळी मुळे ३० सेंमीवर असताना हा फरक निर्णायक ठरतो.

दुसरी वाट हवेची. शेतात दोन दिवसांहून अधिक पाणी तुंबले की मातीतला ऑक्सिजन संपतो आणि काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात. नत्र वायू आणि नायट्रस ऑक्साइड बनून निघून जाते. माती उबदार असेल तर हे झपाट्याने होते. अमोनियम रूपातले नत्र या वाटेने जात नाही.

तुंबलेले पाणी काढल्यावर लगेच खत टाकू नये. वाफसा येऊ द्यावा, नवी पांढरी मुळे दिसू द्यावीत. मग पीक पोटरीत गेलेले नसेल तर २५ ते ३० किलो नत्राचा हप्ता उपयोगी पडतो.

एका पाळीत किती पाणी द्यावे, आणि पुढची पाळी कधी?

मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असे पाणी वाळूमिश्रित मातीत ६० ते १०० मिमी, पोयट्यात १४० ते १८० मिमी आणि भारी मातीत १५० ते २०० मिमी असते. गहू, मका, ज्वारी यांना यातले साधारण निम्मे संपेपर्यंत त्रास होत नाही.

उदाहरण : पोयटा, मीटरला १६० मिमी, मुळे ६० सेंमी खोल. साठा ९६ मिमी, निम्मे ४८ मिमी. पीक दिवसाला ५ मिमी वापरत असेल तर साधारण दहाव्या दिवशी पाणी हवे. एक मिमी म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर, म्हणजे ४.८ लाख लिटर मुळांपर्यंत पोहोचायला हवेत. मोकाट पद्धतीत ६० टक्केच पाणी मुळांच्या कक्षेत राहत असेल तर शेतात ८० मिमी सोडावे लागते. हे जास्तीचे पाणी कुठे जाते ते वरच्या उत्तरात आले आहे.

पाणी किती खोल गेले हे तपासायला टोकदार लोखंडी सळई पुरते. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी ती हाताने दाबावी. ओल असेल तिथपर्यंत ती सहज जाते, कोरडी माती लागली की अडते. शेताच्या वरच्या टोकाला आणि शेवटाला, दोन्हीकडे तपासावे. वरच्या टोकाला मीटरभर आणि शेवटाला वीतभर ओल असेल तर वाफे लहान करायला हवेत. तसे न केल्यास एकाच शेतात एका टोकाला नत्र झिरपते आणि दुसऱ्या टोकाला कोरड्यात अडकते.

पीक गुडघ्यापर्यंत हिरवेगार होते, पण दाणे बारीक, सुरकुतलेले निघाले. काय चुकले?

सुरुवातीला नत्र जास्त झाले आणि शेवटी पाणी उरले नाही. भरपूर नत्रामुळे फुटवे आणि पाने जोरात वाढली. त्या मोठ्या पसाऱ्याने जमिनीतली ओल फुलोऱ्याच्या आधीच संपवली. शिवाय दाट, सावलीत वाढलेल्या खोडांत साखरेचा साठा कमी राहतो. एरवी दाणे भरताना ताण आला तर पीक खोडातली साखर दाण्यात ओतते. इथे ओतायला फारसे काही नसते. हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅमवरून २५-३० ग्रॅमपर्यंत उतरते. प्रथिनांचे प्रमाण मात्र वाढलेले दिसते.

उपाय पेरणीच्या वेळीच करावा लागतो: पाण्याची खात्री नसेल तर सुरुवातीचा हप्ता लहान, बियाण्याचे प्रमाण मर्यादित. पीक माजलेले आहे आणि पुढे पाणी नाही हे पोटरीपूर्वी लक्षात आले, तर चारा म्हणून कापण्याचा विचार वेळेत करावा. त्याआधी शेवटचे उत्तर जरूर वाचावे.

पीक लोळते त्याचा दोष नत्राचा की पाण्याचा?

दोन्हींचा. लवकर दिलेल्या जादा नत्राने खालची कांडी लांब, पातळ भिंतीची होते. ओली माती मुळांची पकड सैल करते. वाऱ्याचा एक झोत पुरतो. नोरिन १० या जपानी गव्हातली बुटकेपणाची जनुके जगभर पसरली ती याच कारणाने: उंच जाती जादा नत्रावर आडव्या होत. बुटक्या जातीही अमर्याद नत्र सोसत नाहीत. नत्राचा मोठा हप्ता कांडी धरतानापर्यंत मागे ठेवावा आणि दाणे भरताना वारा असेल तेव्हा पाणी देऊ नये.

भाताचे नियम वेगळे का?

साचलेल्या पाण्याखाली ऑक्सिजन नसतो, त्यामुळे नत्र अमोनियम रूपातच टिकते आणि भात ते आवडीने घेतो. नायट्रेटयुक्त खत चिखलात दिले तर ते वायुरूपात निघून जाते. शेत सुकू दिले की अमोनियमचे नायट्रेट होते आणि पुन्हा पाणी भरले की ते नायट्रेट जाते. पाणी कधी असते कधी नसते अशा खाचरात नत्र सर्वांत जास्त वाया जाते, ते यामुळे.

तरीही आलटून-पालटून ओले-सुके ठेवण्याची पद्धत पाणी वाचवते आणि नीट केली तर उत्पादन घटत नाही. ३० सेंमी लांब, १० ते १५ सेंमी रुंद नळी घ्यावी, खालच्या २० सेंमी भागाला भोके पाडावीत, वरचे १० सेंमी बाहेर ठेवून ती बांधात नव्हे तर खाचरात रोवावी आणि आतली माती काढावी. नळीतले पाणी जमिनीखाली १५ सेंमीवर गेले की खाचरात ५ सेंमी पाणी भरावे. फुलोऱ्याच्या आधीचा आणि नंतरचा एक-एक आठवडा शेत सुकू देऊ नये. युरिया पाणी भरण्याच्या लगेच आधी, साचलेले पाणी नसताना द्यावा म्हणजे तो चिखलात उतरतो.

युरियाच्या ब्रिकेट चार चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) मध्ये ७ ते १० सेंमी खोल खोचल्या तर नुकसान बरेच घटते. झिरपणाऱ्या वाळूमिश्रित खाचरात मात्र ही पद्धत वापरू नये.

पानाच्या रंगाचा तक्ता कसा वापरायचा?

हा हिरव्या रंगाच्या क्रमांक दिलेल्या पट्ट्यांचा तक्ता. पानाचा रंग त्याच्याशी जुळवून भाताला नत्र हवे का ते ठरवतात. तो वापरायचा लावणीनंतर दोन आठवड्यांपासून फुलोऱ्यापर्यंत, दर ७ ते १० दिवसांनी. सकाळी ८ ते १० या वेळात दहा निरोगी रोपे निवडावीत. पूर्ण उघडलेल्या सर्वांत वरच्या पानाचा मधला भाग तक्त्यावर धरून, स्वतःच्या सावलीत रंग जुळवावा. दहापैकी सहा किंवा अधिक पाने ठरलेल्या पट्टीपेक्षा फिकट असतील तर नत्राचा हप्ता द्यावा. लावणीच्या भातात ही पट्टी सहसा ४ ची, थेट पेरलेल्या भातात ३ ची. जातीनुसार फरक पडतो. गंधकाची कमतरता आणि तुंबलेले पाणी यांतही रंग फिकट होतो, म्हणून आधी ते दोन्ही तपासावे.

पानांत किती टक्के नत्र असावे?

एकच आकडा सांगता येत नाही. पीक मोठे होत जाते तसे त्यात खोडाचा वाटा वाढतो आणि नत्राचे प्रमाण उतरते. गव्हाच्या जमिनीवरच्या संपूर्ण भागासाठी ही किमान गरज हेक्टरी १.५ टन शुष्क भार (वाळवल्यावरचे वजन) असताना सुमारे ४.४ टक्के, ४ टनांना २.९ टक्के आणि १० टनांना १.९ टक्के असते. मका मुळातच कमी नत्रावर भागवतो. नमुना पाठवताना शुष्क भार कळवला नाही तर प्रयोगशाळेच्या ‘२.५ टक्के’ या निकालाचा अर्थ भरपूरही होऊ शकतो आणि कमीही.

मका, ज्वारी, बाजरीला कमी पाणी का लागते?

ती सी-४ गटातली पिके आहेत. पानात कार्बन डायऑक्साइड एकवटण्याची वेगळी यंत्रणा असल्याने पर्णरंध्रे कमी उघडूनही काम भागते. एक किलो शुष्क भारासाठी ती ढोबळमानाने ३०० लिटर पाणी वापरतात. गहू, भात, बार्ली ५०० लिटर किंवा अधिक.

दाण्यातली प्रथिने वाढवायची असतील तर?

उशिराचा हप्ता द्यावा, पण ओल असेल तरच. गव्हाच्या दाण्यातले बहुतेक नत्र फुलोऱ्यापूर्वी पानांत-खोडांत साठलेले असते आणि नंतर दाण्यात जाते. ध्वजपान (सर्वांत शेवटी येणारे वरचे पान) दिसल्यापासून फुलोऱ्यापर्यंत दिलेले ३० किलो नत्र उत्पादनापेक्षा प्रथिने वाढवते. दाण्यातल्या नत्राच्या टक्केवारीला ५.७ ने गुणले की गव्हातली प्रथिने कळतात.

युरियाची फवारणी खताची जागा घेऊ शकते का?

नाही. लिटरला २० ग्रॅम या प्रमाणात ५०० लिटर फवारले तर १० किलो युरिया, म्हणजे जेमतेम ४.६ किलो नत्र जाते. कोरड्या जमिनीत आठवडाभर तग धरायला किंवा प्रथिनांसाठी ती ठीक आहे. ऊन उतरल्यावर फवारावे.

काड जमिनीत गाडल्यावर पुढचे पीक पिवळे का पडते?

गव्हाच्या काडात कर्ब आणि नत्राचे गुणोत्तर ८० ला १ च्या आसपास असते. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना २५ ला १ हवे असते; उरलेले नत्र ते मातीतून ओढतात. पेरणीच्या काही आठवडे आधी, ओल असताना काड गाडावे. उशीर झालाच तर पेरणीच्या हप्त्यात थोडी वाढ करावी. हे नत्र हरवत नाही, नंतर सुटते.

विहिरीच्या पाण्यात नायट्रेट आहे. ते खतात धरायचे का?

धरायलाच हवे. पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र असेल तर ३०० मिमी सिंचनातून हेक्टरी ३० किलो नत्र जाते. अहवालात आकडा ‘नायट्रेट’ म्हणून दिला असेल तर आधी ४.४ ने भागावे.

दुष्काळात वाळत चाललेले पीक जनावरांना घालता येईल का?

तपासणीशिवाय नाही. पाण्याअभावी वाढ थांबलेली असते, पण मुळे थोडेफार नायट्रेट ओढत राहतात आणि ते प्रथिनांत न बदलता खोडात साठते. भरपूर नत्र दिलेल्या मका, ज्वारी, बाजरी, ओट यांत हा धोका मोठा. जनावराच्या पोटात त्याचे नायट्राइट होते आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता जाते. श्वास धाप लागल्यासारखा, हिरड्या तपकिरी. मृत्यू काही तासांत येऊ शकतो.

नायट्रेट खोडाच्या तळाशी सर्वाधिक असते, म्हणून २० ते ३० सेंमी बुंधा सोडून कापावे. ताणानंतर पाऊस पडला तर लगेच कापू नये; पीक नव्याने नायट्रेट ओढते, किमान आठवडा थांबावे. उपाशी जनावरांना एकदम पोटभर घालू नये, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून हळूहळू वाढवावे. कोवळ्या, ताण बसलेल्या ज्वारीत याशिवाय हायड्रोसायनिक आम्लाचा धोका असतो. ते वाळवल्यावर बरेच कमी होते. नायट्रेट वाळवल्याने कमी होत नाही. मुरघास केल्यास नायट्रेट बऱ्यापैकी उतरते, तरी खाऊ घालण्यापूर्वी नमुना तपासावा. मुरघास भरल्यानंतरचे पहिले तीन आठवडे खड्ड्यात किंवा बंद टाकीत उतरू नये: तिथे साचणारा पिवळसर-तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि तळाशी राहतो.